बाईंची भुवई

पाचवीतली सायली फळ्यावर भागाकार करते, तेव्हा तिचं लक्ष फळ्याकडे नसतंच. एक आकडा लिहिते आणि मान वळवून माझ्याकडे बघते. माझी भुवई जराशी वर गेली, की बरोबर आकडासुद्धा तळहाताने पुसून टाकते. काय करावं या मुलीचं! पाढे तोंडपाठ आहेत, रीत येते. पण स्वतःचं उत्तर काही तिला खरं वाटत नाही.

आज वैतागून मी खिडकीकडे तोंड करून बसले. मैदानात मुली लंगडी घालत होत्या. तोल गेला की आपल्या आपण सावरत होत्या, कुणाच्या तोंडाकडे न बघता.

मागे खडूचा आवाज थांबला.

"अगं, कर ना पुढे."

"बाई, इकडे बघा ना. नाहीतर चुकलं की नाही, मला कसं कळणार?"

बघून शिका, असं आपणच मुलांना सांगतो. ती बघतातच की! वर्षभर मी भागाकार शिकवला आणि ही माझा चेहरा शिकली.

चेहरा शक्य तितका कोरा ठेवून मी वळले. तिने क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सगळंच गणित पुसून टाकलं.