मे महिन्यातला नाताळ

आमच्या चर्चचा इतिहास सांगणारी एक पुस्तिका आहे. तिच्यात घंटेला दोन पानं दिली आहेत, आजवरच्या पाळकांच्या फोटोंना चार, आणि बुधवारच्या खिचडीला एक ओळ. घंटा कित्येक वर्षं नीट वाजत नाही. खिचडी एकाही बुधवारी चुकलेली नाही. पण पुस्तिका पुरुषांनी लिहिली, त्याला काय करणार.

ही खिचडी असते नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांबाहेर बसलेल्या लोकांसाठी. पेशंट आत, आणि त्याच्यासोबत यवतमाळहून, गडचिरोलीहून आलेली माणसं बाहेर फुटपाथवर. मिशनच्या जुन्या काळात अशी माणसं चर्चमागच्या खोल्यांत मुक्कामाला असायची. खोल्या पडल्या, स्वयंपाकघर तेवढं राहिलं. आता तांदूळ लकडगंजचे एक शेठ पाठवतात, कांदे चिरायला शेजारच्या बुद्धविहारातल्या दोघी येतात, आणि मी मनीषनगरहून स्कूटीवर येऊन बटाटे सोलते. पण गंजात, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या पातेल्यात, उलथन्यासारखा मोठा सराटा फिरवायचा हक्क एकट्या मावशीचा.

मावशी माझ्या आईची मैत्रीण. वय ऐंशीच्या पुढे, घरी एकटी, पण सगळ्या मंडळीची मावशी. मेथडिस्ट चर्चमध्ये पाळकांची दर काही वर्षांनी बदली होते. मावशीला त्याचं काही वाटत नाही. "पाळक बदलतेत. गंज बदलला का कधी?" हे ती नव्या पाळकांना तोंडावर ऐकवते.

तर या मावशीची चव गेली. कोरोनात ताप आला, ताप उतरला, चव परतलीच नाही. हे तिनं फक्त मला सांगितलं, तेही एका बुधवारी खिचडी खारट होऊन धंतोलीच्या रांगेतला एक माणूस भरलेला डबा परत देऊन गेला तेव्हा. "पेशंटले बीपी हाये बाई," म्हणाला बिचारा.

"कोणाले सांगू नको वं," मावशी म्हणाली. "मले घरी बसवतीन हे लोक. बुधवार गेला तर बाकीचे सहा दिवस मी कशाच्या भरवशावर काढू?"

मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे खोटं ऐकण्याचा मला सराव आहे, बोलण्याचा कमी. खोड्या मात्र जमतात. आम्ही युक्ती काढली. चव मी गुपचूप घ्यायची. मीठ कमी असेल तर नाताळचं गीत गुणगुणायचं, जास्त असेल तर गुड फ्रायडेचं. बरोबर असेल तर गप्प बसायचं. नाताळ ऐकू आला की मावशी मूठभर मीठ टाकायची. गुड फ्रायडे आला की उकडलेले बटाटे आणि कोरा भात. दोन वर्षं हे चाललं. भर उन्हाळ्यात, ओढणीनं घाम पुसत, मी बाळ येशूच्या जन्माचा आनंद करत होते, आणि कोणाला काही कळत नाही म्हणून मनातल्या मनात फुशारत होते.

चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांना मात्र तो परत आलेला डबा विसरता येत नव्हता. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, शिटी वाजल्याशिवाय काही हलू देत नाही. अधूनमधून आमचाही अंदाज चुकायचा, तो त्यांच्या बरोबर लक्षात राहायचा. गेल्या मे महिन्यात त्यांनी कमिटीपुढे ठराव आणला: खिचडी कॅटररकडे द्यायची आणि मावशींचा शाल देऊन सत्कार करायचा. पाळकसाहेब म्हणाले, आधी एकदा आपण स्वतः खाऊन तर बघू. मग ठरलं की येत्या बुधवारी कमिटी चाखणार, आणि चव चुकली तर कॅटरर.

"शाल म्हणजे निरोपच झाला," मावशी म्हणाली. "अन् नागपूरच्या मे महिन्यात शाल. या लोकायचं डोकं पाहून राहिली ना तू?"

त्या बुधवारी मी सकाळीच गरम पाण्याच्या गुळण्या करून तयार होते. सेक्रेटरीसाहेब शाल पिशवीत घालून आले आणि आल्याआल्या मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फाटकावर खिचडी न्यायचा ऑटो थांबवा. आज चव आम्ही पाहू." मी दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. मावशी गंजापाशी, मी दारात, मधे सेक्रेटरीसाहेब. तिनं माझ्याकडे पाहिलं. सराटा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला सेक्रेटरीसाहेबांचा असा राग आला की हातातल्या बटाट्यानं मी त्यांच्या टकलावर नेम धरला, अर्थात मनातच.

आमच्याकडे प्रार्थना झाली की पहिला घास पाळकांचा. पाळकसाहेबांनी तळहातावर खिचडी घेतली, खाल्ली. मग खिडकीकडे वळून, अगदी सहज, ते नाताळचं गीत गुणगुणायला लागले.

मी दाराची चौकट धरली. मावशीचा हात सवयीनं बरणीत गेला, मूठभर मीठ पडलं, सराटा फिरला. तेवढ्यात कांदे चिरणाऱ्या दोघींनी सूर धरला. त्यांना ते गीत येण्याचं काही कारण नव्हतं, माझ्यामुळे पाठ झालं होतं. मग बाकीच्या बायकाही गायला लागल्या. सेक्रेटरीसाहेब चर्चच्या क्वायरमध्ये खालचा सूर लावतात. दोन ओळी ते तोंड घट्ट मिटून उभे राहिले. तिसऱ्या ओळीला खालच्या सुराची जागा आली आणि त्यांना राहवलं नाही.

गीत संपल्यावर त्यांनी चमचाभर खिचडी खाल्ली. "ठीक आहे," म्हणाले.

मावशी स्टुलावर बसली. "म्हंजे तुमाले सगळ्यायले मालूम होतं?"

कांदे चिरणारी एक जण डोळे पुसत म्हणाली, "मावशी, दोन वर्षांपासून उन्हाळ्यात नाताळ येऊन राहिला. आमी काय बहिऱ्या हाओ?"

मावशीनं पदर तोंडाला लावला आणि रडली. मीही रडले, थोडी शरमेनं. मी मोठी हुशारी करत होते आणि सगळं स्वयंपाकघर मला सांभाळून घेत होतं. मग मावशीनं पदर काढला आणि माझ्याकडे वळली. "अन् तू वं. इतकं बेसूर गात होती, तरी या सगळ्यायनं दोन वर्षं ऐकून घेतलं?"

सेक्रेटरीसाहेबांनी पिशवीतून शाल काढली. "आणलीच आहे तर ठेवा," एवढंच म्हणाले. मावशीनं ती उलटसुलट करून पाहिली, चांगली जाड आहे म्हणाली, आणि गंजाच्या झाकणावर पसरून चारी बाजूंनी नीट खोचली. आता दर बुधवारी ती शाल ऑटोत बसून धंतोलीला जाते, आणि खिचडी गरम पोचते.