दिसू नये असं पिस्तूल

दुसरा ओढा ओलांडून चढ लागला तेव्हा डेल्फा थांबली. हातातलं दाताळं तिनं कुंपणाला टेकवलं, उजवा हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "दिसतंय का गं?"

मी मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं. गेलेल्या नवऱ्याचा, डेन्झिलचा, जुना चौकड्यांचा शर्ट तिनं पँटवर मोकळा सोडला होता. काही दिसत नव्हतं.

"नाही दिसत, मिस डेल्फा."

"थांब, वाकते. आता बघ." बुटाची नाडी बांधल्यासारखं करून ती वाकली. शर्ट पाठीवर ताणला गेला. "आता?"

"आताही नाही. पण तुम्ही अशा वाकलात की मला तुमच्या कमरेचीच काळजी वाटते."

"कमर गेली खड्ड्यात. पिस्तूल दिसत नाही ना, मग झालं." ती उठली खरी, पण उठताना तिनं कुंपणाचा खांब घट्ट धरला होता.

आम्ही दोघी टेकडीवरच्या कबरी साफ करायला निघालो होतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी या खोऱ्यातली सगळी माणसं आपापल्या गेलेल्यांच्या दगडांवर फुलं ठेवतात आणि तिथंच चादरी अंथरून जेवतात. त्याआधी गवत काढावं लागतं. डेन्झिल गेल्यानंतरचा असा पहिला रविवार आता येत होता आणि त्यासाठी तिची मुलगी मार्ला ओहायोहून येणार होती. मार्ला येणार म्हणूनच हे सगळं बघणं, वाकणं चाललं होतं.

आता थोडं मागचं सांगते.

डेल्फा माझी शेजारीण. इथं मोठ्या बाईला, लग्न झालेली असली तरी, मानानं मिस म्हणतात. शेजारीण म्हणजे आमच्या आणि तिच्या घरात मक्याचं एक शेत आणि एक ओढा. माझे यजमान इथल्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर लागले तेव्हा पहिल्या थंडीत, आमची ओळखही नसताना, ती शिजवलेल्या घेवड्याचं भांडं घेऊन दारात उभी राहिली होती. "यात डुकराचं मांस घालायचं राहून गेलं," असं म्हणाली. राहून गेलं नव्हतं. आम्ही काय खातो याची तिनं आधी गावात चौकशी केली होती. ही अशी बाई.

डेन्झिल गेल्या वर्षी पानगळीत गेला. खाणीतल्या धुळीनं त्याची छाती भरली होती. इथल्या रीतीप्रमाणे अंत्यविधीची वेळ वर्तमानपत्रात आली, सकाळी रेडिओवरही सांगितली. सगळं खोरं चर्चमध्ये जमलं. सगळे तिथं, म्हणजे घरी कोणीच नाही. हे इथं प्रत्येकाला कळतं, तरी वेळ छापल्याशिवाय कोणी राहत नाही, कारण न छापणं म्हणजे माणसाचा अपमान.

आम्ही परतलो तर मागचं दार उचकटलेलं. पलंगाजवळचा ड्रॉवर जमिनीवर पडला होता. डेन्झिलचं पिस्तूल गेलं, त्याच्या दुखण्याच्या गोळ्या गेल्या. ओट्यावर शेजारणींनी आणून ठेवलेला सफरचंदाचा केक होता. त्यातला एक मोठा तुकडा चोरानं खाल्ला होता आणि सुरी धुऊन फडक्यावर उपडी ठेवली होती.

डेल्फा त्या सुरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्यातलाच आहे कोणीतरी. आईनं वळण लावलंय." त्या दिवसात ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

मार्ला तेव्हाच म्हणाली, "आई, माझ्याबरोबर चल." खोली तयार होती, गॅरेजच्या वर. डेल्फा एकदा तिथं राहून आली होती. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते म्हणाली, चांगली रंगवलेली आहे. मायलेकींचं फोनवर थंडीभर भांडण चाललं. शेवटी मार्लानं अट घातली. शेरिफची, म्हणजे पोलिसांची, गाडी या खोऱ्यात यायला तासभर लागतो. तेव्हा एकतर ओहायो, नाहीतर अंगावर पिस्तूल, आईला स्वतः चालवता येईल असं. ड्रॉवरमधलं नाही, अंगावरचं. ड्रॉवरमधलं कोणाच्या कामी आलं ते सगळ्यांनी पाहिलंच होतं.

"या घरातून मी डेन्झिल गेला तशीच जाणार," डेल्फा मला म्हणाली. "चल, गाडी काढ. हर्शेलकडे जायचंय."

हर्शेलच्या दुकानात पुढं मासेमारीचे गळ आणि मागं बंदुका. मध्ये शेगडी आणि एक बाक. बाकावर वुडरो नावाचा म्हातारा बसलेला असतो. तो काही विकत घेत नाही, पण सल्ला सगळ्यांना देतो.

"बायकांना लहानच बरं," वुडरो म्हणाला. "ते बघ, तळहाताएवढं. पर्समध्ये लिपस्टिकशेजारी बसेल."

"तू तुझ्या बायकोला असंच घेतलं होतंस ना?" डेल्फानं विचारलं.

"घेतलं होतं."

"मग?"

"सोडून गेली."

"पिस्तूल ठेवून?"

"पिस्तूल घेऊन." शेगडीभोवतीचे सगळे हसले आणि वुडरोही हसला.

हर्शेलनं ते लहान पिस्तूल बाहेर काढलं, उघडलं, आत डोळ्यांनी बघितलं, बोटानं चाचपलं आणि मग तिच्या हातात दिलं. तिनंही पुन्हा उघडून बघायचं. आत्ताच समोर बघितलेलं असलं तरी बघायचं. इथं पिस्तूल रिकामं आहे हे कोणी कोणाच्या शब्दावर मानत नाही. त्यात कोणाला रागही येत नाही.

पण डेल्फाला ते उघडताच येईना. पिस्तुलाचा वरचा भाग मागं खेचून सोडावा लागतो, तेव्हा पहिली गोळी नळीत जाते. तिची बोटं संधिवातानं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी झालेली. ती खेचते आहे, खेचते आहे, चेहरा लाल, आणि तो भाग हलत नाही.

"लहान पिस्तूल खिशाला सोपं आणि हाताला अवघड," हर्शेल म्हणाला. "स्प्रिंग ताठ असते. वर पुन्हा हलकं, म्हणजे धक्का सगळा मनगटात. वुडरोला हे कधी कळलं नाही."

मग त्यानं फिरत्या चकतीचं, आखूड नळीचं रिव्हॉल्वर दिलं. त्यात खेचायची भानगड नाही. पण चाप इतका जड की तिला दोन बोटं लावावी लागली. दुकानामागं मातीचा बांध आहे, तिथं नेम धरून बघतात. चाप दाबता दाबता नळी खाली झुकायची आणि गोळी बांधाच्या पायथ्याशी चिखलात. "चिखल मेला," वुडरो म्हणाला. डेल्फा हसली नाही. तिनं कानातले बोळे काढले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं परीक्षेत पहिलाच प्रश्न न आलेलं पोर बघतं.

तिसरं जरा मोठं होतं, मऊ स्प्रिंगचं. हातात कमजोरी असलेल्यांसाठीच करतात म्हणे. हर्शेल म्हणाला, "मिस डेल्फा, ओढू नका. वरचा हात घट्ट जागेवर धरा आणि खालचा हात पुढं ढकला. अडकलेलं दार खांद्यानं लोटता तसं."

तिनं लोटलं. खट्ट आवाज झाला आणि तो भाग मागं जाऊन परत आला. शेगडीपाशी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. बांधावर जेवणाची कागदी थाळी खिळ्यानं लावली होती. तिच्या सगळ्या गोळ्या थाळीतच गेल्या.

"त्या थाळीत मी आता जेवणार नाही," वुडरो म्हणाला.

"तुला जेवायला बोलावलंय कोणी?" त्या दिवशी ती घरी येईपर्यंत गाडीत गुणगुणत होती.

विकत घेतल्यावर हर्शेलनं बजावलं होतं की एकदोन आठवडे ते रिकामंच कमरेला लावून घरातली सगळी कामं करायची. कुठं टोचतं, कुठं सरकतं, कुठं कपड्यातून उठून दिसतं ते कळतं. मग भरायचं. बघायचं काम माझ्याकडे आलं. ती भट्टीतून भाकरीचा तवा काढायची, वाळत घालायला हात वर करायची, मांजरामागं धावायची आणि विचारायची, "दिसतंय?" फुलाफुलांचा झगा बाद झाला. विणलेला स्वेटर बाद झाला, तो अंगाला चिकटतो. डेन्झिलचे शर्ट पास झाले. ती म्हणाली, "बरंच झालं. नाहीतर चर्चच्या दानाच्या पेटीत द्यावे लागले असते."

एका रविवारी चर्चमध्ये बाकावर बसताना लाकडावर ठक्कन आवाज झाला. प्रार्थना चालू होती. पुढच्या बाकावरचा माणूस मागं न वळताच हळू म्हणाला, "थोडं पुढं सरकव, डेल्फा. मीही पहिल्यांदा असाच वाजलो होतो." तिनं कमरेचं पिस्तुलाचं पाकीट, ते होल्स्टर, पुढं सरकवलं. मी हात जोडले होते ते तसेच ठेवले. देवाच्या घरात हे असं बरं की वाईट, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. इतकं मात्र दिसत होतं की त्या बाकांवर बसलेली माणसं भ्यालेली होती, आणि भ्यालेली माणसंच देवाकडे येतात.

मला वाटलं, सगळं जमलं.

तर त्या दिवशी ओढा ओलांडून आम्ही टेकडीवर पोचलो. डेन्झिलच्या दगडावर त्याच्या नावाशेजारी डेल्फाचंही नाव कोरलेलं आहे, जन्माचं साल घालून. पुढची जागा कोरी. इथं नवराबायकोचा दगड एकदमच करतात. ती त्या दगडाला टेकून बसली, शर्ट बाजूला करून तिनं पिस्तूल काढलं आणि म्हणाली, "बघ आता."

तिनं दुकानात धरलं होतं तसंच धरलं. लोटलं. हात निसटला. पुन्हा लोटलं. तिसऱ्यांदा पिस्तूलच हातातून सुटलं आणि गवतात पडलं. मी दोन पावलं मागं सरकले.

"भिऊ नकोस. रिकामं आहे."

"अजून?"

"अजून म्हणजे काय? एकदाही भरलं नाही."

मी ते उचलायला वाकले नाही. तिनंच उचललं. दोन्ही हातांनी, तापलेलं भांडं उचलावं तसं.

"हर्शेलकडे आपण दुपारी गेलो होतो," ती म्हणाली. "संधिवाताच्या माझ्या गोळ्या दुपारी कुठं लागू पडतात. बोटं ऐकतात. सकाळी नाही ऐकत. रात्री तर मुळीच नाही. आणि चोर काय दुपारी माझ्या गोळ्यांची वेळ बघून येणार आहे?"

"मग गोळी आधीच नळीत घालून ठेवायची. हर्शेल म्हणाला होता तसं. खेचायची गरजच नाही."

"स्वयंपाकघरात दोनदा पडलं हे माझ्या हातातून. कप पडतात, चमचे पडतात. काल अंडं पडलं. हातातून पडणाऱ्या वस्तूत मी गोळी घालून ठेवू? तू चहाला येतेस, समोर बसतेस."

मी गवत उपटायला लागले. उपटता उपटता म्हटलं, "हर्शेलला सांगू या. तो दुसरं काही..."

"हर्शेल चांगला माणूस आहे. तो म्हणेल, मिस डेल्फा, आता हे तुमच्यासाठी नाही. आणि मार्लानं फोन केला की तिलाही तेच सांगेल. म्हणून नाही सांगितलं."

"मग रिकामं का लावता रोज?"

"लावलं की मी घरात राहणारी बाई असते. काढलं की ओहायोला जाणारी."

खाली खोऱ्यात कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. तिनं पिस्तूल होल्स्टरमध्ये घातलं. त्यालाही वेळ लागला, आणि मी मदत केलेली तिला आवडली नसती.

"मार्ला वाईट नाही, मिस डेल्फा," मी म्हटलं. "तिला काळजी आहे. तिथं माणसं आहेत, दवाखाना जवळ आहे."

"मला माहीत आहे ती वाईट नाही. वाईट असती तर सोपं होतं. तिच्याकडे मी सकाळी उठून काय करू, सांग. इथं उठले की स्टोव्ह पेटवते, त्याच्या खुर्चीवरची धूळ पुसते, तुझ्या घरातला दिवा लागला का बघते. पहाटे तुझ्या त्या देवाजवळचा. तो लागला की मी कॉफी ठेवते. तिथं मी कोणाचा दिवा बघू?"

माझा दिवा कोणी बघत असेल हे मला तोवर माहीत नव्हतं. मी गवतातच बघत राहिले.

रात्रीचं कोणी दार उचकटलं तर या बाईच्या हातात लोखंडाचा एक तुकडा असेल, बस. मार्ला म्हणते तेच खरं होतं. आणि तिला इथून हलवलं तर ती वर्षभरात जाईल, हेही खरं होतं. दोन्ही खरं असलं की माणसानं कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. पोथीतही सापडलं नाही.

डेल्फानं प्लास्टिकची फुलं डेन्झिलच्या बाजूला लावली. स्वतःच्या नावाखालची माती हातानं सपाट केली. मग दगडाला धरून उठायला लागली. मी हात पुढं केला, तर तिनं तो धरला आणि उठून झाल्यावरही सोडला नाही.

"सुमन, तुमच्याकडे खोटं बोललं की देव काय करतो?"

"बघतो," मी म्हटलं. "तेवढंच पुरतं."

"हं." तिनं दुसऱ्या हातानं शर्ट कमरेवर नीट ओढला. "रविवारी जेवणं झाली की मार्ला तुला बाजूला घेईल. मला नाही विचारणार. आई खोटं बोलते हे तिला लहानपणापासून माहीत आहे. तू बोलत नाहीस हेही माहीत आहे. म्हणून तुलाच विचारणार. तुझ्या देवाला सांग, हे पाप डेल्फाच्या नावावर लिही. पण तिला एवढं सांग पोरी, की आईला पिस्तूल चालवता येतं. तू रोज बघतेस म्हणावं."