अर्धी ओळ

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि माझ्या हातून चूक होते ती फक्त भाजीत मीठ टाकताना, अशी माझी समजूत होती. आता आजी झाल्यावर त्या बाईचं हसू येतं.

नंदुरबारात आमचं छोटं ऑफिस होतं. शेतातले पंप मोबाइलवरून चालवायची यंत्रणा; तिच्या पोटातला कोड माझा. प्रत्येक पंपाला एक बिट, म्हणजे एक खूण. मालकाला निरोप पाठवायचा असेल तर एक, नसेल तर शून्य. अशा खुणांची लांबच लांब रांग. दोन थ्रेड, म्हणजे दोन कामकरीच समजा, रांगेच्या दोन टोकांकडून मधे चालत यायचे. एक दिसला की निरोप धाडायचा, खूण पुसायची, पुढे जायचं.

आधी मी रांग बरोबर मधोमध तोडली होती. पहिल्या अर्ध्यात सारंगखेड्याकडचे तापीकाठचे पंप, तिथे एकांची गर्दी. दुसऱ्या अर्ध्यात काठी गावाकडचे डोंगर, नुसती शून्यं. एक कामकरी घाम गाळायचा, दुसरा केव्हाच बसलेला. मग मी हुशारी केली: रांगेची लांबी नाही, तिच्यातले फक्त ‘एक’ मोजायचे आणि त्यांच्या नेमक्या अर्ध्यावर तोडायचं. दोघं बरोबर एकाच वेळी मधे पोचू लागले. मी स्वतःच स्वतःला जिलबी आणली.

त्याच आठवड्यापासून काही शेतकऱ्यांना एकच निरोप दोनदा जाऊ लागला.

निरोप धाडणारा भाग लिहिला होता नवापूरकडच्या एका नव्या बाईंनी. त्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होत्या. त्यांना कायम करायचं की नाही, हे माझ्या पत्रावर ठरणार होतं. मी लगेच त्यांच्याकडे वाकडं बघायला लागले. त्या चहाला उठल्या की मी त्यांचा कोड उघडायची. हळूच त्यात एक मोजणी दडवून ठेवली: माझ्या भागाने कोणता निरोप किती वेळा मागितला, त्यांच्याकडून किती वेळा गेला. पंधरा दिवस पाहिलं. जितके मागितले तितकेच गेले. मी काय निष्कर्ष काढावा? इतकं स्वच्छ म्हणजे बाई पक्की आहे, पुरावा पुसते! शनिवारी पत्र लिहून ठेवलं: कायम करू नये. सोमवारी द्यायचं.

रविवारी मोठ्या जाऊबाईंच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, गेले. लांबच लांब ओळींत मिरची वाळत होती आणि बायकांच्या दोन टोळ्या दोन टोकांकडून ती पलटत मधे येत होत्या. कुठली ओळ कोरडी, कुठली ओली, ते बघून, काम सारखं वाटायला, जाऊबाईंनी दोन ओळींच्या फटीत काठी रोवलेली. मी लगेच शहाणपणा केला: "या टोळीकडे अर्धी ओळ जास्त गेलीय. काठी ओळीच्या मधे रोवा ना."

जाऊबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "एक ओळमा दोन टोळ्या? मंग कोनी काय पलटं हाई कोनले समजी? एकीनं पलटेल दुसरी परत पलटी टाकी. इतली शिकेल शेस तू, इतलं भी समजत नही का वं?"

बायका खदखदून हसल्या. मला मात्र रांग तोडणारी माझी रेघ आठवली.

कारण यंत्र एकटी खूण कधी उचलत नाही. चौसष्ट खुणांची ओळ अख्खी उचलतं, त्यातली एक पुसतं, अख्खी ओळ परत ठेवतं. माझी नेमक्या अर्ध्यावरची रेघ अशा एखाद्या ओळीच्या मधेच पडायची. दोघं कामकरी एकाच वेळी तिथे पोचायचे, दोघं तीच ओळ उचलायचे. एकाने पुसलेली खूण दुसऱ्याच्या जुन्या ओळीबरोबर परत जागेवर यायची. पुढच्या फेरीत निरोप पुन्हा. पूर्वी असं होत नव्हतं, कारण तेव्हा एक जण आधीच बसलेला असायचा.

म्हणजे चोर माझ्याच जिलबीत होता.

सोमवारी रेघ ओळीच्या काठावर सरकवली. एकाला चार खुणा जास्त आल्या, येऊ देत. दुहेरी निरोप थांबले. मग नवापूरच्या बाईंसमोर उभी राहिले आणि सगळं कबूल केलं.

त्या म्हणाल्या, "तुमची मोजणी मला पहिल्याच दिवशी दिसली होती, मॅडम. म्हटलं, मोजू द्या. माझ्या बाजूचा साक्षीदार फुकटात मिळतोय."

मी शनिवारचं पत्र फाडलं आणि नवीन लिहिलं: कायम करावं. साहेबांनी कारण विचारलं.

"पंधरा दिवस त्यांच्या कोडमध्ये दबा धरून बसले होते," मी म्हटलं, "एकही चूक सापडली नाही."