विकत आणलेलं ऊन

पुण्यातल्या एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदारानं मला फसवलं. सरड्याला जगायला लागते ती नळी म्हणून त्यानं मला डीजेच्या स्टेजवरची नळी विकली. माझ्यासारख्याला, ज्याचं अर्धं आयुष्य लाइटी बांधण्यात गेलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरी ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगतात आणि त्या टोकाकडून ऐकली की मूर्ख मी ठरतो.

माझा मंडप आणि लायटिंगचा धंदा आहे. सुरुवात केली तेव्हा भाड्याची सायकल होती आणि दुसऱ्याच्या उधार आणलेल्या माळा. आज पेडगावला लग्न असो की चारठाण्याला, गेटपासून स्टेजपर्यंत उजेड माझा असतो. वस्तू हातात घेतल्याशिवाय, लावून बघितल्याशिवाय आणि दुकानदाराला घाम फोडल्याशिवाय मी काही विकत घेत नाही. परभणीच्या बाजारात मला येताना बघून आधीच भाव चढवून ठेवणारे दुकानदार आहेत. मी तो खाली आणणार, हे त्यांना ठाऊक असतं.

सरडा माझ्या मुलीचा. आपल्या कुंपणावरचा नव्हे. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला, मूळ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला. पुण्यात शिकत असताना तिनं तो एका मैत्रिणीकडून घेतला. मग बंगळूरला नोकरी लागली आणि तिथल्या घरमालकिणीनं त्याला बघून दारच लावून घेतलं. दिवाळीला मुलगी आली ती भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात त्याला घेऊन. वीतभर अंग, रंग वाळूचा, हनुवटीखाली काट्यांची झालर. मी बोट पुढं केलं तसा त्यानं गळा फुगवला आणि काळाठिक्कर केला.

"तुमच्यावरच गेलंय," बायको म्हणाली.

आमचं घर शिवभक्तांचं. घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि याला लागतात जिवंत अळ्या. बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाला मी घालते. शेवगा, मेथी, काय खाईल ते. पण अळ्या माझ्या घरात चालायच्या न्हाईत." म्हणून अळ्यांचा डबा माझ्या गोदामात गेला. त्याला अळ्या चारायला मी खिशात घालून गोदामात नेत असे. शेजाऱ्यानं एकदा बघितलं. "काय शेठ, घोरपड पाळली का? वनखात्याची जीप आली तर माझं नाव सांगू नका."

जाण्याआधी मुलीनं मला समोर बसवून समजावलं. "पप्पा, ऊब आणि उजेड या याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच्या घराचा एक कोपरा तापलेला पाहिजे, दुसरा गार. तो आपला आपण इकडून तिकडं जातो. आणि वर यूव्हीबीची नळी पाहिजे. उन्हातला जो भाग हाडं बनवतो, तेवढाच त्या नळीतून येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. नळी मी ऑनलाइन मागवून देते."

"ऑनलाइन? न बघता?" मी म्हणालो. "तू बापाला लाइटी शिकवायलीस का?"

ती हसली. "बरं. मग तुमच्यावर सोडते."

ते वाक्य मला फार गोड लागलं. ही पोर शाळेत असल्यापासून गणित आईला दाखवायची, गोष्टी आईला सांगायची. माझ्याकडे यायची ती फीसाठी. पहिल्यांदाच तिनं तिचा एक जीव माझ्या हाती दिला होता, आणि तोही माझ्या कामाच्या भरवशावर.

मी कामाला लागलो. मिठाईचं एक दुकान बंद पडलं होतं. त्यांचं काचेचं शोकेस घासाघीस करून उचललं. फळ्या काढल्या, मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडली, वर काचेऐवजी जाळी बसवली. एका टोकाला हॅलोजन लावला, त्याला स्टेजवरचा डिमर जोडला, म्हणजे ऊब बोटानं कमीजास्त करता येते. त्याच्या खाली शहाबादी फरशीचे तुकडे रचून पायऱ्या केल्या. फरशी तापते आणि ताप धरून ठेवते. आमच्याकडे थंडी पडते ती हाडं वाजवणारी. म्हणून रात्रीसाठी उजेड न देता तापणारा चिनी मातीचा गोळा बसवला. दोन्ही टोकांना तापमापक. सगळं इन्व्हर्टरवर, म्हणजे लाइट गेली तरी त्याला कळायचं नाही. लग्नाच्या मंडपात मी इतकी निगुतीनं वायर कधी ओढली नव्हती.

पहिल्या सकाळी हॅलोजन लावला तेव्हा सरडा गार कोपऱ्यात बसला होता. थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग एकेक पायरी चढून वरच्या फरशीवर गेला, अंग भाकरीसारखं चपटं केलं आणि तोंड उघडून डोळे मिटून घेतले. अंग पुरेसं तापलं की ते असं तोंड उघडतात, हे मुलीनं सांगितलं होतं. माझा फोन वाजत होता, लग्नाची बोलणी होती. मी उचलला नाही. चहा हातात गार झाला.

आता नळी राहिली होती.

पुण्याला मला माल भरायला जावंच लागतं. तिथं एका दुकानात गेलो. काउंटरवर गोड बोलणारा तरुण माणूस होता. मी काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं खोक्यातून एक नळी काढून लावली. जांभळा उजेड पडला. मी खिशातून पांढरा रुमाल काढून तिच्याखाली धरला. रुमाल निळसर चमकला. आमच्या धंद्यात अल्ट्राव्हायोलेट नळी अशीच तपासतात. नवरदेवाचा पांढरा सदरा स्टेजवर कसा चमकतो, तसं. नळी मेलेली असली तर रुमाल मळकाच राहतो.

"असल्या नळ्या तर माझ्या गोदामात आहेत," मी म्हणालो.

"काका, स्टेजवरच्या त्या नकली. ही जनावरांची, अस्सल." मग माझ्या रुमालाकडं बघत म्हणाला, "आणि तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्ही स्वतः जाणकार. अशी परीक्षा करणारं गिऱ्हाईक मी आजवर बघितलं नाही."

मी भाव पाडला. तो रडला, मी उठलो, त्यानं हाक मारली, मी बसलो. शेवटी बिल नको म्हणून आणखी थोडा पाडला. बाहेर पडलो तेव्हा मला वाटत होतं की लुटला तो.

थंडी मजेत गेली. मुलीचा फोन यायचा, मी मोबाइल काचेसमोर धरायचो. एकदा तिनं विचारलं, "यूव्हीबी व्यवस्थित आहे ना?" मी म्हणालो, "लाइटीचं तुझ्या बापाला विचारू नकोस." तिनं परत विचारलं नाही.

होळीनंतर तो वरच्या फरशीवर चढेना. मधल्या पायरीवरच बसायचा. मला वाटलं, उन्हाळा लागला, याला गरम होतंय. मी डिमर खाली केला. मग तो खालच्या पायरीवर थांबायला लागला. मी आणखी खाली केला. बाहेरच्या उकाड्यामुळं दोन्ही तापमापक तरीही बरोबर आकडे दाखवत होते, त्यामुळं माझी खात्री होती की सगळं ठीक आहे.

त्याच दिवसांत बायकोचं गच्चीवर कुरडया घालणं चाललं होतं. जुनी साडी अंथरायची, वर कुरडया, आणि कावळ्यांसाठी सगळ्यावर मच्छरदाणी. ती एका सकाळी खाली आली, काचेपुढं उभी राहिली.

"आवो, याला वर उन्हात न्या की जरा. लय मलूल दिसायलंय. माझ्या मच्छरदाणीखाली ठिवते, मी तितंच असते की बसलेली."

"घार झडप घालंल. अन् ऊन कशाला? ऊनच आणलंय मी त्याच्यासाठी. ते बघ, त्या नळीत हाय."

"नळीतलं ऊन," ती म्हणाली. "मंग कुरडया बी त्यातच वाळवाव्या का?"

मी चिडलो. तुला यातलं काय कळतं, म्हणालो. ती पदर खोचून वर निघून गेली. गच्चीवर तेव्हा कोवळं ऊन पसरलेलं होतं. परभणीत ऊन कुणी मोजत नाही. ते फुकट असतं, म्हणून त्याला माझ्या लेखी किंमत नव्हती. त्या सकाळी मी ऐकलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

मे महिन्यात मुलगी सुट्टीवर आली. बॅग टाकली आणि तशीच शोकेसजवळ गेली. अंगात पांढरा कुर्ता होता. काचेवर वाकली तसा कुर्ता निळा चमकला. ती थांबली. स्वतःच्या बाहीकडं बघितलं, मग नळीकडं.

"पप्पा, ही नळी कुठून आणली?"

"पुण्याहून. तपासून आणलीय."

"ही डीजेची लाइट आहे."

तिनं त्याला हातावर घेतलं. हनुवटीला बोटानं जरासं दाबलं आणि तिचा चेहरा पडला. जबडा रबरासारखा दबत होता. पुढचे पाय कोपरातून वाकले होते, पंजे थरथरत होते. पुण्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना तिनं मोबाइलवर दाखवलं. त्या म्हणाल्या, याची हाडं मऊ पडलीत. जांभळ्या नळीनं कापड चमकतं, हाडं होत नाहीत. अस्सल नळीचा उजेड पांढराच दिसतो आणि जे काम करतं ते दिसतच नाही. खरी नळी लावा, कॅल्शियम द्या, रोज सकाळी उन्हात न्या. जगेल. पण वाकलेले पाय सरळ होतील असं मी सांगणार नाही.

मी नळी काढली. वरचा स्टिकर नखानं खरवडला. खाली माझ्या गोदामातल्या नळ्यांवर असतो तोच छाप होता.

मी तिला ओरडायची संधी दिली. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मला फोटो तरी पाठवायचा ना नळीचा."

दुसऱ्या दिवशी गाडी काढून पुणे गाठलं. तो काउंटरवरच होता. नळी त्याच्यापुढं ठेवली, स्टिकर दाखवला, सरड्याचे फोटो दाखवले. फोटो बघताना त्यानं मान बाजूला केली, एवढं मी बघितलं.

"काका, मी काही जबरदस्ती केली नाही. तुम्हीच तपासून घेतली."

"तू अस्सल म्हणालास."

"तुमची खात्री झाली म्हणून म्हणालो. रुमाल तुमचाच होता."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक हसलं. मी काउंटरवरची नळी उचलून आपटली. ती फरशीवर फुटली, पांढरी पूड उडाली. तो एकदम शांत झाला. "बिल आहे का तुमच्याकडं?" त्यानं विचारलं. "आणि आता नळी?" मी आधीच बिल सोडलं होतं आणि आता पुरावाही माझ्याच हातानं फोडला होता. केर भरायला त्यानं झाडू मागवला.

आता शोकेसमध्ये खरी नळी आहे. मुलीनं ती न बघता, भाव न करता मागवली. सकाळी बायको त्याला गच्चीवर नेते, मच्छरदाणी लावते आणि शेजारी पोथी घेऊन बसते. जबडा घट्ट झालाय. गळा परत फुगवतो. पण पुढचे पाय तसेच राहिले. पायऱ्यांपाशी जातो, पंजा वर टाकतो, पोट घासतं आणि घसरून खाली येतो. थोडा वेळ बसतो, परत टाकतो. मी शेवटी फरश्या काढल्या, एकच जमिनीवर ठेवली आणि हॅलोजनच साखळीनं खाली आणला. तरीही तो रोज त्या कोपऱ्यात जाऊन पायऱ्या होत्या तिथं पंजा उचलतो.

मुलीचा फोन येतो. "कसा आहे तो?" असं ती विचारते, पण आईला विचारते. मी शेजारीच असतो. नळी कधी बदलायची हे तिनं आईला सांगून ठेवलंय.

आणि म्हणून मी हे लिहितोय. दुकानदारा, मला नळीचे पैसे नकोत, नवी नळी नको. मी रुमाल धरला तेव्हा तू माझ्या हाताकडं बघत होतास. त्या चमकण्याचा हाडांशी काही संबंध नाही, हे तुला तेव्हा माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं तर तसं सांग. नव्हतं म्हणत असशील तर मग जनावरांचं दुकान कशाच्या जोरावर मांडलंस, ते सांग. परभणीला ये. काचेपुढं खुर्ची टाकून देतो. तो पंजा उचलेल तेव्हा त्याच्याकडं बघ, मान वळवू नकोस, आणि माझ्या मुलीला फोनवर उत्तर दे.