इसाराचं पोतं

"काय रे, तुमी मेंढरं बोलावताना कसं वरडता? जरा काढून दाखव की."

रावसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. शेजारच्या खुर्च्यांवर पुण्याहून आलेले त्यांचे दोन पाहुणे. मी उभा. हातात खताच्या नमुन्याची पिशवी. मी धंद्याला भांडवल मागायला आलो होतो.

मी हाळी काढली. लांब. माझा बाप काढतो तशी. एक पाहुणा इतका हसला की त्याला चहाचा ठसका लागला. रावसाहेब म्हणाले, "बगा, ह्यो आमचा पार्टनर." पुन्हा हशा. मीही हसलो. त्या हाळीपेक्षा त्या हसण्याचा मला आजही जास्त राग येतो.

आम्ही धनगर. मोरगावकडचे, जिरायत भागातले. दिवाळी झाली की आमची मेंढरं कालव्याच्या पट्ट्यात उतरायची, बारामती-इंदापूरच्या बागाईतदारांच्या वावरात रात्री बसायची. लेंडी आणि मूत जमिनीत मुरायचं. त्याचा मोबदला मालक द्यायचा, बहुतेक धान्यात. देईल तेवढा. रावसाहेबांचं वावर इंदापूर तालुक्यात. आमची मेंढरं तिथं आज्यापासून बसायची.

मी बारावी झालो आणि बारामतीत एका खताच्या दुकानात कामाला लागलो. नव्वदनंतरची वर्षं. ठिबक आलं होतं, जो तो द्राक्षं नाहीतर डाळिंब लावत होता. बागवाले रासायनिक खताची पोती उचलायचे आणि जाता जाता विचारायचे, लेंडीखत मिळेल का कुठं. मी ऐकायचो आणि आतून तडफडायचो. लेंडी आमच्या मेंढरांची. पण ती पडायची त्यांच्या वावरात, म्हणून आमची नव्हती.

मग डोक्यात किडा शिरला. धनगरांच्या वाड्यावाड्यावर जायचं. वाडा म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरांचा मुक्काम. तिथल्या कोकरांच्या खोपीतली, दिवसा मेंढरं बसतात तिथली लेंडी रोख पैशानं विकत घ्यायची. कुजवायची, चाळायची, पोत्यात भरून बागवाल्यांना विकायची. त्याला शेड हवं, चाळणीचं मशीन हवं, टेम्पो हवा. बँकेत गेलो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, जामीनदार कोण, त्याच्या नावावर जमीन किती. आमच्या ओळखीचा जमीनवाला एकच. म्हणून मी त्या व्हरांड्यात उभा होतो.

पाहुणे आत जेवायला गेल्यावर रावसाहेबांनी अटी सांगितल्या. शेड त्यांचं, टेम्पो त्यांचा, पैसा त्यांचा. पोत्यावर नाव त्यांच्या आईचं. गल्ल्यावर पुतण्या. मला पगार, आणि नफ्यातल्या वाट्याचं नंतर बघू. खरं सांगतो, एवढं सगळं मी गिळलं असतं. मला धंदा हवा होता. पण शेवटी ते म्हणाले, "तुझी माणसं तुझं ऐकत्यात. त्यास्नी सांगायचं, लेंडी दुसऱ्या कुणाला घालायची न्हाय. भाव मी ठरवीन."

तेव्हा मला माझं काम कळलं. मेंढरं कोंडायला आम्ही जाळी लावतो, तिला वाघर म्हणतात. रावसाहेबांना वाघर हवी होती. तिच्यात माझेच चुलते, मावसे कोंडायचे होते. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि एसटी धरली.

त्यांना माझ्या विचाराची गरजच नव्हती. दोन दिवसांनी दुकानातून सुट्टी काढून घरी आलो तर ओसरीवर ज्वारीचं पोतं. रावसाहेबांच्या ट्रॅक्टरवाल्यानं आणलेलं. इसार म्हणाला, आणि आईनं उतरवून घेतलं. तिला वाटलं, यंदा मेंढरं बसवायची आहेत त्याचं धान्य.

आमच्यात इसार घेतला म्हणजे शब्द दिला. मग दुसऱ्यानं दुप्पट देऊ केलं तरी मेंढरं त्याच वावरात बसणार. इसार परत केलेला धनगर मी तोवर पाहिला नव्हता. रावसाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. कागद नाही, सही नाही, वकील नाही. आमच्याच रीतीनं त्यांनी आम्हाला बांधून टाकलं.

मी पोतं परत करायचं म्हणालो तसे आबा, माझे वडील, भडकले. "इसार घेतलाय. शबूद मोडायचा न्हाय."

मी वाद घातला. पोत्यावर रावसाहेबांच्या आईचं नाव, पुतण्याचा गल्ला, लेंडीच्या भावाची गोष्ट, सगळं सांगितलं. आबांना त्यात काही वावगं दिसेना. दुसऱ्याच्या पैशावर चालायचं तर दुसऱ्याचं ऐकावं लागतंच, म्हणाले. आपण जन्मभर काय केलं? मला इतकी चीड आली की मी न सांगायचं तेही सांगून टाकलं. व्हरांडा. पाहुणे. हाळी.

आबांनी एवढंच विचारलं, "काढलीस?"

"व्हय."

"मेंढरं नसताना?"

"व्हय."

आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली. मग आबा उठले आणि पोत्याला हात घातला. "इसार मेंढराचा आस्तो," म्हणाले. "लेकराचा नस्तो."

दोघांनी ते पोतं एसटीत घातलं. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं, वर कुरकूर केली. बंगल्याच्या पायरीवर पोतं ठेवलं तेव्हा रावसाहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आबांना म्हणाले, "म्हातारपणी शबूद फिरवतोस व्हय?"

आबांनी मान खाली घातली. ज्या माणसाचा शब्द कधी मोडला नव्हता तो तिथं उभा राहून माझ्यासाठी खोटा ठरत होता.

मी म्हणालो, "आबांनी शबूद मेंढरं बसवायचा दिल्ता. माजा न्हाय दिला. तुमचं भांडवल नको मला."

रावसाहेब शांत होते. "बगू. ह्या पट्ट्यात तुमची मेंढरं कुठं बसत्यात ते."

आणि त्यांनी बघितलं. त्या साली कालव्याकाठी एकाही मालकानं आम्हाला वावर दिलं नाही. आबांनी निम्मा कळप बाजारात उभा केला. माझा साठवलेला पगार आणि ते पैसे, यावर मोरगावच्या रस्त्याकडेला धंदा उभा राहिला. उभा राहिला म्हणायचं एवढंच. चार खांब, अर्ध्यावर पत्रा. मशीन नाही. टेम्पो भाड्याचा, तोही वेळेवर येत नाही.

स्वतःच्या पैशावर उभं राहावं, असं बारामतीच्या सभांमध्ये भाषणं करणारे सांगतात. त्यांना काय जातंय सांगायला. स्वतःचा पैसा म्हणजे बापाच्या पाठीमागून चालणारं मेंढरू असतं, ते विकताना बाप त्याच्याकडे बघत नाही. वळवाचा पाऊस आला की माझी अर्धी लेंडी भिजते. बागवाले माझ्याकडून दहा पोती नेतात आणि शंभर दुसरीकडून, कारण मी शंभर देऊ शकत नाही. मी चिडतो. रोज चिडतो. रावसाहेबांच्या पैशानं हे शेड एका महिन्यात पुरं झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

परवा त्यांचा पुतण्या आला. मला तुम्ही म्हणाला. काकांचं जाऊ द्या, आपण मिळून करू, भांडवल मी घालतो, असं बरंच बोलला. मी त्याला चहा दिला. विचारलं, लेंडीचा भाव कोण ठरवणार? तो म्हणाला, पैसा ज्याचा तो.

मी त्याला बाहेरची वाट दाखवली.

बाहेरचा पैसा मला विटाळ नाही. उद्या घेईन. पण आधी माझी अट. लेंडीचा भाव वाड्यावर ठरेल, मेंढरामागं चालणारी माणसं ठरवतील, आणि पैसेवाला तिथं त्यांच्याबरोबर खाली बसून तो ऐकेल. ही अट मानणारा अजून भेटलेला नाही.

तोवर मी हातानं चाळीन.