रिकाम्या टॉकीजचे पंचवीस आठवडे

सुकदेव माळी याला सिल्वासाच्या आमली भागात आडनावाने कोणी ओळखत नसे. तो कोकिळा टॉकीजचा दारवाला, एवढी ओळख पुरत होती. चोपड्याकडच्या एका खेड्यातून तो १९८२ साली सिल्वासाला आला तो राखोलीच्या सूत कारखान्यात काम धरायला. पण कापसाच्या धुळीने खोकला जडला आणि सहा महिन्यांत त्याने टॉकीजचं दार धरलं.

काम साधं होतं. तिकीट हातात घ्यायचं, मधोमध फाडायचं, अर्धं माणसाला परत द्यायचं, अर्धं तारेत ओवायचं. पण सुकदेव ते पूजेसारखं करी. बिनतिकिटाचा कोणीही असो, तो आत सोडायचा नाही. एकदा एक हवालदार म्हणाला, "मी ड्यूटीवर आहे." सुकदेव म्हणाला, "ड्यूटी बाहेर आहे साहेब, आत पिक्चर आहे." हवालदाराने शेवटी तिकीट काढलं. सुकदेवची बायको चंदा वर्षातून दोनदा सिनेमाला येई, तीही रांगेत उभी राहून. नवरा तिच्याकडे न बघता तिकीट फाडी. घरी गेल्यावर ती म्हणे, "तुमले लाज नही वाटत?" तो म्हणे, "फुकट सोडलं असतं तर वाटली असती."

या माणसाचं एकच वेड होतं. हिंदी सिनेमातला नट मदनराज. अठराव्या वर्षी चोपड्याच्या जत्रेत, तंबूत, त्याने मदनराजचा टपालवाल्याचा सिनेमा पाहिला तेव्हापासून तो त्याचा झाला. सिनेमांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. तो म्हणे टपालवाल्याचा, गिरणीचा, आंधळ्या भावाचा, जहाजाचा. मात्र मदनराजला काय काय मिळालं ते त्याला पाठ होतं. दोन मोठी पारितोषिकं, एक सरकारी सन्मान आणि नऊ रौप्यमहोत्सव. पंचवीस आठवडे एका टॉकीजला चाललेले नऊ सिनेमे!

त्यातही पारितोषिकांचं त्याला फार नव्हतं. चहाच्या टपरीवर तो सांगे, "पारितोषिक चार माणसं खोलीत बसून ठरवतात. त्यांच्या घरी कोणी मिठाई पाठवली की नाही, आपल्याला काय ठाऊक? पण पंचवीस आठवडे लोक देतात. पदरचे पैसे काढून देतात. त्यात लबाडी करताच येत नाही."

टपरीवर बसणारा गोकुळ त्याच्याच गावाकडचा, गलोंड्याच्या कारखान्यात फिटर होता. तो मुद्दाम विचारी, "सुकदेवभाऊ, तुझा मदनराज आता म्हातारा झाला ना रे? पळताना धाप लागते त्याला."

"धाप त्याला नाही, तुला लागते. बिड्या कमी कर."

१९८८ च्या दिवाळीला मदनराजचा नवा सिनेमा कोकिळा टॉकीजला लागला. त्यात तो तलवार घेऊन घोड्यावरून दौडतो, म्हणून सुकदेव त्याला घोड्यांचा सिनेमा म्हणे. पहिला आठवडा दारावर रेटारेटी झाली. दुसऱ्या आठवड्यात अर्धं टॉकीज भरलं. चौथ्यात संध्याकाळच्या खेळाला मोजून अकरा माणसं होती, त्यातले दोघे नुसते झोपायला आलेले.

शुक्रवारी नवा सिनेमा येणार असं सगळ्यांनी धरलं होतं. आला नाही. त्याऐवजी मुंबईहून सफारी घातलेला एक माणूस आला, मॅनेजर जयवंतरावांच्या खोलीत तासभर बसला आणि गेला. जयवंतराव चिपळूणकडचे, मऊ बोलणारे. त्यांनी सुकदेवला बोलावून तिकिटांचे गठ्ठे त्याच्यापुढे ठेवले.

"हे फाडून तारेत ओव."

"कोणाचे आहेत?"

"विकले गेलेत. तू फाड."

"माणसं कुठं आहेत, साहेब?"

"माणसं येतील न येतील, आपण काय करणार?"

सुकदेवने फाडले. त्या दिवशी त्याला नीट कळलंच नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गठ्ठे आले तेव्हा कळलं. मदनराजच्या नावावर दहावा रौप्यमहोत्सव लावायचा होता. सिनेमा तर कुठेच चालत नव्हता. मग एखाद्या लहान गावातलं लहान टॉकीज धरायचं, आपणच आपली तिकिटं विकत घ्यायची आणि दर आठवड्याला जाहिरातीत छापायचं, 'सिल्वासा, यशस्वी बारावा आठवडा!' जाहिरात वाचणारा माणूस कशाला आमलीत येऊन खुर्च्या मोजतो!

सुकदेव चिडला. पण त्याच्या चिडण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, कारण नोकरी त्याच दारावरची होती. तो दुपारी पायरीवर बसून गठ्ठेच्या गठ्ठे फाडी. अर्धे तारेत जात. उरलेले अर्धे कोणाच्या हातात द्यायचे? ते तो पत्र्याच्या डब्यात टाकी. आत पडद्यावर घोडे दौडत आणि समोर शंभर खुर्च्यांवर कबुतरं बसलेली असत.

कारखान्याची पोरं वैतागली. सुट्टीच्या दिवशी करमणुकीला आमलीत दुसरं होतं तरी काय? ती वापीला जाऊन सिनेमे बघू लागली आणि जाता जाता सुकदेवला ऐकवू लागली. "काय दारवाले, आज घोड्याला दाणापाणी केलं का?"

अठराव्या आठवड्यात, एका रविवारी, सरुबाई आली. गलोंड्याच्या प्लास्टिक कारखान्यात ती पॅकिंगला होती. दोन मुलींना नवे फ्रॉक घालून, पाच-सहा किलोमीटर अंतर पायी तुडवून ती आली होती. खिडकी बंद आणि बाहेर पाटी, 'हाऊसफुल्ल'. रविवारची सगळीच तिकिटं मुंबईने घेतली होती ना!

"दादा, जरा बघा ना. पोरींना कबूल केलंय," ती म्हणाली.

सुकदेवने मागे वळून आत पाहिलं. आत एकही माणूस नव्हतं. टॉकीज रिकामं आणि गिऱ्हाइकाला जागा नाही! त्याचे कान तापले. तो तसाच आत गेला, डब्यातून तीन अर्धी तिकिटं काढून आणली आणि सरुबाईच्या हातात ठेवली. "जा ताई, बसा. कुठेही बसा."

जयवंतराव धावत आले. "सुकदेव, अरे त्या खुर्च्या विकलेल्या आहेत!"

"कोणाला विकल्या?"

"कोणाला म्हणजे? विकल्या."

"मग तो माणूस आला की मला दाखवा. मी बाईंना उठवतो आणि त्याला बसवतो. नाही आला तर बाई बसतील."

जयवंतराव परत आपल्या खोलीत गेले. तसे ते वाईट नव्हते. त्यांना दोन मुली होत्या आणि हुकूम दमणला राहणाऱ्या मालकाचा होता, एवढंच.

खेळ सुटल्यावर सरुबाई दाराशी थांबली. "उपकार झाले दादा. पण हा मदनराज पूर्वीचा राहिला नाही हो. मी तर मधे झोपलेच."

सुकदेवला ते फार लागलं. रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याने गोकुळला सांगितलं, "हे सगळं त्याच्या आजूबाजूचे लोक करतात. त्याला माहीतच नसणार. तो टपालवाला झालेला माणूस आहे, तो असलं करणार नाही."

"आणि माहीत असलं तर?" गोकुळने विचारलं.

"नसणार."

"मग विचार ना त्यालाच. पंचविसाव्या आठवड्याला येणार आहे म्हणतात. तुझा देव आंधळा आहे की लबाड आहे, तेवढं एकदा ठरवून टाक."

तिथून पुढचे सात आठवडे सुकदेव त्याच एका दिवसासाठी जगला. मदनराजला खरं सांगायचं. सांगितलं की तो संतापेल, त्या सफारीवाल्याला सगळ्यांदेखत झापेल, म्हणेल मला असला महोत्सव नको. हे सुकदेवने मनात इतक्या वेळा पाहिलं होतं की ते होणारच याची त्याला खात्री पटली. मदनराजला मराठी येत नाही म्हणून त्याने हिंदीत दोन वाक्यं जुळवली आणि चंदापुढे म्हणून पाहिली. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "येवढं लांबलचक ऐकाले त्याले येळ राही का?" मग त्याने एकच वाक्य ठेवलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी टॉकीजपुढे मंडप पडला. सनईची रेकॉर्ड लावली होती. कारखानदार आले, त्यांच्या बायका आल्या. आणि गर्दी तर विचारूच नका! महिनोन्महिने जी माणसं आत फिरकली नव्हती ती सगळी त्या दिवशी रस्त्यावर उभी होती. वापीला जाणारी पोरंही होती. त्यांनाही मदनराज बघायचाच होता.

पांढऱ्या गाडीतून मदनराज उतरला. पडद्यावर दिसतो त्यापेक्षा बुटका, पण चेहरा तोच. भाषणं झाली. सफारीवाला म्हणाला की सिल्वासाच्या रसिक जनतेने इतिहास घडवला. टाळ्या पडल्या. मदनराजने डोळे पुसले. लोकांचं प्रेम हेच माझं खरं पारितोषिक, असं तो म्हणाला तेव्हा सुकदेवला वाटलं, हे माझंच वाक्य आहे, हा माझ्यासारखाच विचार करतो. याला खरंच माहीत नाही!

मग टॉकीजच्या नोकरांना मदनराजच्या हस्ते शील्ड द्यायची होती. मशीनवाला गेला, खिडकीवाला गेला. "द्वारपाल श्री. सुकदेव माळी!" जयवंतरावांनी पुकारलं.

सुकदेव वर गेला. मदनराजने शील्ड पुढे केली. सुकदेव त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "साहब, आपको किसीने बताया नहीं होगा, हॉल खाली था. पूरा खाली."

मदनराजचं हसू तसंच राहिलं. डोळे कॅमेऱ्याकडेच होते. ओठ जेमतेम हलले.

"मालूम है भाई. पकड़ो, फोटो हो जाने दो."

सुकदेवने हात मागे घेतले.

"हाथ आगे लो! दारवाले, हाथ आगे!" फोटोवाला ओरडला. शील्ड मधेच अधांतरी राहिली. मदनराजचं हसू पहिल्यांदा थोडं हललं. तेवढ्यात जयवंतरावांनी पुढे होऊन शील्ड घेतली आणि कॅमेरा लखलखला. सुकदेव मागच्या बाजूने मंडपाबाहेर पडला. कोणी पाहिलंही नाही, सगळे मदनराजला बघत होते.

घरी आल्यावर चंदाने विचारलं, "मंग काय बोलना तो?"

"त्याले माहीत व्हतं."

तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "तुमनासंगे तरी खरं बोलना ना तो."

या एका वाक्यावर सुकदेव जितका भडकला तितका तो लग्नानंतर कधीच भडकला नव्हता. खरं बोलला म्हणे! चोराने चोरी सांगितली, तीही कानात, आणि वर फोटोला उभं राहायला सांगितलं! तो अंगणात येरझारा घालत राहिला. दहावा खोटा, मग आधीचे नऊ? गिरणीचा? जहाजाचा? टपालवाल्याचा सुद्धा? त्या तंबूत मी खरंच गर्दीत बसलो होतो, की तेही कोणी विकत घेतलं होतं?

सोमवारी त्याने टॉकीजकडून मिळालेली बॅटरी आणि खाकी सदरा जयवंतरावांच्या टेबलावर ठेवला. "थांब रे, शुक्रवारी नवा सिनेमा येतोय. आता खरी माणसं येतील," ते म्हणाले. सुकदेव थांबला नाही. खोकल्याचं पुढे बघू म्हणून तो पुन्हा राखोलीच्या कारखान्यात लागला, या खेपेला फाटकावर.

पुढे सहा-सात वर्षांनी मुंबईत मदनराजला जीवनगौरव पुरस्कार मिळाला. कुठल्या तरी हिंदी पेपरात अर्ध्या पानाचा लेख होता. गोकुळ तेव्हा त्याच कारखान्यात आला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांपुढे तो मोठ्याने वाचला. दहा रौप्यमहोत्सव, दहावा सिल्वासात, तिथल्या जनतेने महानायकाला डोक्यावर घेतलं, वगैरे.

"आबा, तुम्ही तेव्हा तिथेच होता ना?" हर्षल नावाच्या नव्या मुलाने विचारलं.

"होतो," सुकदेव म्हणाला. "बहुतेक दिवस मी एकटाच होतो."

सगळी पोरं हसली. गोकुळही हसला.

"हसण्यासारखं काय आहे त्यात?" सुकदेव इतक्या जोरात म्हणाला की फाटकाबाहेरचा ट्रकवाला वळून बघू लागला.