काचेपलीकडचा अजगर

सर्पोद्यानात काचेपलीकडे अजगर वेटोळं घालून पडला होता. नात म्हणाली, "आजी, हा एकदा जेवला की आठवडाभर हलत नाही." मला थोरल्या जाऊबाई आठवल्या. जेवणं उरकली की त्या माजघरात आडव्या व्हायच्या आणि मी नवी सून जळफळत भांडी घासायची. एकदा "अजगर" असं पुटपुटले, ते त्यांनी ऐकलं. कूस बदलत म्हणाल्या, "अगं, मग तूही पड की घटकाभर. कोण नको म्हणतंय?"

खरंच कुणी नको म्हणत नव्हतं. तरी मी शहाणी, भांडी आणखी जोरात आपटत राहिले. आता सगळी दुपार माझीच आहे, पण डोळा लागत नाही.

नात पुढे गेल्यावर मी हळूच काचेवर टिचकी मारली. तोही जाऊबाईंसारखाच, ढिम्म हलला नाही.